जेट मशीनचा छोटा व्यवसाय: नव्याने उतरणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

पावसाळा ओसरू लागला की सोसायट्यांच्या आवारातले पेव्हर ब्लॉक हिरवेकाळे दिसू लागतात, पार्किंगच्या उतारावर दुचाकी घसरतात आणि दसरा-दिवाळी तोंडावर आल्याने कमिटीला एकाएकी स्वच्छतेची आठवण होते. एप्रिल-मेमध्ये हीच धावपळ गच्चीवर असते, कारण वॉटरप्रूफिंग करणाऱ्याला थर देण्याआधी खालचा कोबा शेवाळापासून आणि धुळीपासून मोकळा हवा असतो. उच्च दाबाच्या पाण्याने धुलाई करून देण्याचे काम, ज्याला बोलण्यात सरसकट ‘जेट मारणे’ म्हणतात, या दोन हंगामांवर उभे आहे. पुण्याच्या आसपास हे काम करताना जे शिकण्यासाठी मला पैसे मोजावे लागले, ते नव्याने उतरणाऱ्याला स्वस्तात मिळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. एक मशीन, दोन मदतनीस आणि भाड्याचा छोटा टेम्पो एवढ्या आकाराचा व्यवसाय येथे गृहीत धरला आहे. गाड्या धुण्याचे वॉशिंग सेंटर हा निराळा धंदा आहे. त्याला रस्त्यालगतची जागा आणि बारमाही पाणी लागते, म्हणून तो विषय बाजूला ठेवला आहे.

मशीन निवडताना

दुकानात विक्रेता सर्वांत आधी बारचा आकडा सांगतो आणि नवखा माणूस त्याच आकड्यावर भुलतो. बार म्हणजे दाब. दहा मीटर उंचीवरच्या टाकीचे पाणी खालच्या नळाला साधारण १ बार दाब देते, यावरून १३० किंवा १५० बार म्हणजे काय याचा अंदाज यावा. परंतु दाब फक्त चिकटलेला मळ सुटा करतो; सुटा झालेला मळ वाहून नेण्याचे काम पाण्याच्या ओघाचे असते आणि तो मशीनवर ‘मिनिटाला इतके लिटर’ असा लिहिलेला असतो. घरगुती मशीन मिनिटाला पाच ते सात लिटर पाणी देते. त्यावर १३० बार लिहिलेले असले तरी पाचशे चौरस फुटांचे पार्किंग धुताना चिखल जागचा हलत नाही आणि मदतनिसाला खराटा घेऊन मागे मागे फिरावे लागते. दोन मशीनांत निवड करायची झाल्यास वीस-तीस बार कमी असले तरी चालतील, पण मिनिटाला दहा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी देणारे मशीन घ्यावे.

दुसरी गोष्ट मोटरची. घरगुती मशीनमधील मोटर कार्बन ब्रशवर चालते, मोठा आवाज करते आणि सलग अर्ध्या तासात तापते. रोजच्या कामाला इंडक्शन मोटरचे, पितळी पंप-हेड असलेले मशीन लागते. सिंगल फेजवर चालणारे ३ हॉर्सपॉवरचे मशीन सुरुवातीला योग्य ठरते, कारण थ्री फेजची जोडणी प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. पेट्रोल इंजिनाचे मशीन विजेपासून मोकळीक देते हे खरे, परंतु त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड बंदिस्त जागेत जीव घेऊ शकतो. तळघरातील पार्किंगमध्ये ते कधीही चालवू नये.

मशीनसोबत तीस मीटर लांबीचा जाळीदार प्रेशर पाइप, चार रंगांचे नोझल, फोम मारण्याची बाटली आणि जमिनीसाठी गोल डिश, ज्याला बाजारात सरफेस क्लीनर म्हणतात, एवढे साहित्य घ्यावे. डिशच्या आत दोन नोझल गरगर फिरतात, त्यामुळे एकसारखी धुलाई होते आणि भिंतींवर चिखल उडत नाही. अनेक जण पैसे वाचवण्यासाठी डिश नंतर घेऊ असे ठरवतात. माझे मत उलट आहे: आवारातली जमीन हेच मुख्य काम असेल, तर एखादे जास्तीचे नोझल राहू द्यावे, पण डिश पहिल्याच दिवशी हवी. फक्त ती डिश मशीनच्या लिटरशी जुळणारी घ्यावी. छोट्या मशीनवर मोठी डिश लावली तर ती नुसती फिरते, धुत नाही.

नोझलची ओळख

नोझलचे रंग हे पाण्याच्या फवाऱ्याच्या कोनांचे रंग आहेत. लाल म्हणजे शून्य अंश, पिवळे पंधरा, हिरवे पंचवीस, पांढरे चाळीस अंश; काळे नोझल साबणासाठी असते. पांढरे नोझल जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर धरले तर पाण्याचा पट्टा सुमारे बावीस सेंटिमीटर रुंद पडतो, तर पिवळ्याचा त्याच अंतरावर जेमतेम आठ सेंटिमीटर. तेवढेच पाणी जवळजवळ तिप्पट अरुंद पट्ट्यात पडल्याने मार किती वाढत असेल, हे वेगळे सांगायला नको. अंतर कमी केले की तोच परिणाम पुन्हा होतो. म्हणजे गनचा, हातातल्या ट्रिगरच्या नळीचा, मार मशीनवरचा दाब न बदलताही मनगटाने कमी-जास्त करता येतो. या कामातले मुख्य कौशल्य हेच असून नवख्याने सुरुवातीला जोर लावण्यापेक्षा जोर आवरायला शिकावे. लाल नोझल तर मी डब्यातून काढून घरी ठेवले आहे. मदतनिसाच्या हाती ते चुकूनही लागू नये.

पृष्ठभाग ओळखणे

माझ्या पहिल्या उन्हाळ्यात एका बंगल्याच्या अंगणातील शहाबादी फरशी धुण्याचे काम मिळाले. पिवळे नोझल लावून मी ते वीतभर अंतरावर धरले. ओल्या फरशीवर सगळे चकचकीत दिसत होते, मालकही खूश झाले. दुसऱ्या दिवशी फरशी वाळली आणि तिच्यावर खराट्याने ओढल्यासारखे पांढरे फराटे उमटले. पैसे तर मिळाले नाहीतच, उलट स्वतःच्या खर्चाने फरशीला पॉलिश करून द्यावे लागले. ओला पृष्ठभाग नेहमी खोटे बोलतो. म्हणून कोपऱ्यातली दोन फूट जागा आधी धुवावी, ती पूर्ण वाळू द्यावी आणि मगच नोझल, अंतर व रसायन ठरवावे.

शहाबाद आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. त्यांच्यावर ॲसिड पडले की फेस येतो, तो दगडच विरघळत असल्याने. जुन्या घरांतील मोझॅक फरशीत संगमरवराचे तुकडे असतात, त्यामुळे तिलाही हाच नियम लागू होतो. ‘फरशी ॲसिडने मस्त निघते’ असे सांगणारा शेजारी प्रत्येक गावात असतो. त्याचे ऐकू नये. कोकणात जांभ्याची चिरेबंदी कुंपणे आणि जोती असतात. जांभा मुळात सच्छिद्र, त्यात वर्षानुवर्षे शेवाळ मुरलेले. तेथे जोर लावला तर शेवाळासोबत दगडाचे कणही निघून येतात. पांढरे नोझल, दीड-दोन फुटांचे अंतर आणि संयम, एवढेच तेथे चालते.

पेव्हर ब्लॉक मजबूत असतात, परंतु त्यांच्या सांध्यांत भरलेली कच जेटने उडते. कच गेली की ब्लॉक डुगडुगू लागतात आणि महिन्या-दोन महिन्यांत तक्रार येते. यावर उपाय म्हणजे गन सांध्याच्या रेषेत न धरता तिरपी फिरवणे आणि जागा वाळल्यावर क्रशरची बारीक कोरडी कच पसरून झाडूने सांध्यांत भरणे. हे काम कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत लिहावे, कारण अनेक धुलाईवाले ते करीतच नाहीत आणि सेक्रेटरींना त्यातला फरक समजावून सांगता येतो.

शेवाळ नुसत्या पाण्याने निघते, पण मुळासकट जात नाही. पंधरा दिवसांत पुन्हा हिरवी झाक येते. धुण्यापूर्वी सोडियम हायपोक्लोराइटचे (ब्लीचचे) पातळ केलेले द्रावण मारून ते पंधरा-वीस मिनिटे, वाळू न देता, राहू द्यावे आणि नंतर धुवावे. कुंड्या व झाडे आधी साध्या पाण्याने भिजवून झाकून घ्यावीत. हायपोक्लोराइट आणि ॲसिड एकमेकांत मिसळल्यास क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून ही दोन रसायने एका टेम्पोत शेजारी शेजारीही ठेवू नयेत, आणि खरे तर ॲसिड सोबत बाळगण्याचे कारणच नाही. पार्किंगमधील तेलाच्या डागांना मात्र हायपोक्लोराइटचा उपयोग नसतो. तेथे अल्कलीयुक्त डिग्रीझर, म्हणजे तेलकटपणा सोडवणारे रसायन, मारून ब्रशने घासावे लागते आणि जुना, काळा पडलेला डाग शंभर टक्के निघणार नाही, हे काम सुरू होण्याआधीच सांगून टाकावे. तेलाचे ते पाणी पावसाळी गटारात सोडू नये. भुसा किंवा माती टाकून आधी तेल शोषून घ्यावे.

वीज आणि पाणी

३ हॉर्सपॉवरची मोटर चालताना दहा अँपिअरहून अधिक वीज घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. पार्किंगमधील वॉचमनच्या केबिनचे सॉकेट बहुधा ६ अँपिअरचे असते. त्यात वेगळी पिन लावून मशीन चालवले की सॉकेट वितळते आणि भांडण आपल्या वाट्याला येते. १६ अँपिअरचे सॉकेट आणि चालू अर्थिंग आहे की नाही हे पाहणीच्या दिवशीच तपासावे. आपली एक्स्टेंशन केबल किमान २.५ चौरस मिलिमीटरची, लांब अंतरासाठी ४ चौरस मिलिमीटरची असावी आणि तिच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला असावा. पाण्यात उभे राहून काम करणाऱ्याचा जीव वाचवणारी हीच एक वस्तू आहे. ड्रमवर गुंडाळलेली केबल तशीच न वापरता पूर्ण उलगडावी, नाहीतर ती आतल्या आत तापते.

पाण्याचा हिशेब लोकांना उलटा वाटतो. मिनिटाला दहा लिटरचे मशीन दिवसभरात गन दाबलेली अशी चार तास चालले, तर २,४०० लिटर पाणी लागते. तेच आवार साध्या पाइपने धुतले तर पाणी याहून अधिक जाते आणि शेवाळ तसेच राहते. हा आकडा कोटेशनमध्ये लिहावा. कमिटीत पाण्यावरून प्रश्न विचारणारा एक तरी सभासद असतोच. उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली की महापालिका पिण्याच्या पाण्याने आवार किंवा गाड्या धुण्यास मनाई करतात, त्यामुळे बोअरचे पाणी मिळेल का ते आधी विचारावे. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी वापरायचे असल्यास ते गाळलेले आणि निर्जंतुक केलेले असल्याची खात्री करावी, कारण जेटचे तुषार काम करणाऱ्याच्या श्वासात जातात.

नळाला थेट मशीन जोडण्याऐवजी पाचशे लिटरची टाकी मध्ये ठेवावी. नळाचा ओघ मशीनच्या गरजेपेक्षा कमी पडला की पंप हवा ओढतो, गन थरथरू लागते आणि आतील सील खराब होतात. मशीनकडे येणारा पाइप पाऊण इंची असावा व त्याच्या तोंडाशी फिल्टर असावा. बोअरच्या पाण्यातील रेती पंपाला मुळीच चालत नाही.

पहिले काम कोठून मिळवावे

जाहिरातीवर सुरुवातीला पैसे घालवू नयेत. इमारतीला बाहेरून रंग देणारे आणि वॉटरप्रूफिंग करणारे ठेकेदार यांना धुलाई करून देणारा माणूस सतत हवा असतो. त्यांच्याकडे दर कमी मिळतो, पण हात बसतो आणि पैसे साधारण आठवड्यात मिळतात. त्यांच्याच ओळखीने पुढे सोसायट्या, मंगल कार्यालये आणि शाळा मिळतात.

सोसायटीत बोलण्यापेक्षा दाखवणे उपयोगी पडते. रविवारी सकाळी, कमिटीचे लोक खाली असताना, आवाराच्या मधोमध नव्हे, तर प्रवेशद्वाराजवळच्या एका बाजूला तीन फूट बाय तीन फूट जागा धुऊन दाखवावी. काळ्या ब्लॉकमधून मूळचा लाल-पिवळा रंग वर येतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक सभासद त्या चौकोनाजवळ थबकतो. चौकोन मधोमध का घेऊ नये, तर काम मिळाले नाही तरी तो चौकोन तसाच दिसत राहतो आणि आवार कुणी विद्रूप केले असा दोष आपल्यावर येतो. मी एकदा तो अनुभव घेतला असून शेवटी चारशे चौरस फूट फुकट धुऊन दिले.

दर ठरवताना

दुसरा काय घेतो ते विचारून दर ठरवणे ही सर्वांत महागडी चूक आहे. आधी स्वतःचा दिवसाचा खर्च मांडावा. उदाहरण म्हणून, दोन मदतनिसांचे १,४०० रुपये, स्वतःची मजुरी १,२००, टेम्पो ७००, रसायने ४००, मशीन व साहित्याची झीज २००, दुरुस्ती २०० आणि फोन, विमा वगैरे वर्षभराच्या खर्चाचा वाटा २००, असे ४,३०० रुपये झाले. डिशने मध्यम मळकट पेव्हरचे दिवसाला १,४०० चौरस फूट काम होत असेल, तर चौरस फुटाला तीन रुपयांहून किंचित अधिक हा निव्वळ खर्च झाला. चार रुपये घेतले तरच काही उरते. येथे स्वतःची मजुरी खर्चात धरली आहे, हे लक्षात घ्यावे. ती न धरणारे पहिल्या हंगामात भरपूर काम करतात आणि दुसऱ्या हंगामात मशीन विकतात. तुमच्या गावी मजुरी आणि भाडे वेगळे असेल, तेव्हा आकडे आपले घालावेत, मांडणी हीच ठेवावी.

कोटेशनमध्ये क्षेत्रफळ स्वतः टेपने मोजून लिहावे, वीज व पाणी कोण देणार ते नमूद करावे, न निघणारे डाग आणि आधीच फुटलेले ब्लॉक यांचे फोटो जोडावेत आणि चाळीस टक्के आगाऊ रक्कम मागावी. सोसायटीचा चेक दोन सह्यांशिवाय निघत नाही आणि त्यातला एक सही करणारा नेमका गावाला गेलेला असतो.

कागदपत्रे

केंद्र सरकारच्या पोर्टलवर आधार व पॅनच्या आधारे होणारी उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकेच कामगार असलेल्या आस्थापनेला पूर्ण नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देऊन पावती घेता येते, आणि बँकेत चालू खाते उघडताना ती उपयोगी पडते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे, त्यामुळे पहिल्या वर्षी बहुधा त्या नोंदणीची गरज पडत नाही. एका बिलाची रक्कम ३० हजारांच्या किंवा वर्षभराची एकूण रक्कम १ लाखाच्या वर गेली, की सोसायटी व्यक्तीच्या नावावरील बिलातून १ टक्का टीडीएस कापते. पॅन दिलेला नसल्यास हीच कपात २० टक्के होते. भांडवल कमी पडत असेल तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते आणि त्याला तारण लागत नाही.

जी कामे घेऊ नयेत

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. जेट मारल्यावर ते सुटे होऊन हवेत आणि पाण्यात मिसळतात. असे छप्पर धुऊ नये. सेप्टिक टँक व मैलावाहिनीच्या सफाईसाठी सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ‘तुमच्याकडे मशीन आहेच’ म्हणून कुणी गळ घातली तरी ते काम आपले नव्हे. सौर पॅनेलवर उच्च दाब मारल्यास काचेला व कडेच्या सीलला इजा होऊ शकते. ते मऊ ब्रशने, कमी दाबाच्या पाण्याने, सकाळी थंड असताना पुसायचे असतात. गावच्या जुन्या दगडी मंदिराचे बोलावणे आले तर ते संरक्षित स्मारक आहे का हे आधी पुरातत्त्व विभागाकडे विचारावे. शिडीवर उभे राहून गन चालवणेही याच यादीत घालावे, कारण ट्रिगर दाबताच गन मागे धक्का देते आणि शिडीवर तो धक्का पेलायला जागा नसते. उंचीसाठी लांब लान्स, म्हणजे गनला जोडायची लांब दांडी, वापरावी किंवा परांची बांधून घ्यावी.

मदतनिसांना गमबूट, चष्मा आणि जाड हातमोजे देणे हे मालकाचे काम आहे. बोटावर जेट लागल्यास वर टाचणीएवढी जखम दिसते, पण पाणी व घाण आत खोलवर शिरलेली असते. हळद लावून काम पुढे चालू ठेवण्याचा हा प्रसंग नाही; ताबडतोब मोठ्या रुग्णालयात नेऊन ‘उच्च दाबाच्या पाण्याने झालेली जखम’ असे स्पष्ट सांगावे.

दिवस संपताना

मशीन बंद करून पाणी तोडल्यावर गन पुन्हा दाबून पाइपमधील उरलेला दाब सोडावा आणि मगच जोड उघडावेत. काम चालू असताना गन सोडून गप्पा मारत उभे राहायचे असेल तर मशीनही बंद करावे. तेच पाणी पंपात फिरत राहून तापते आणि सील जळतात. आठवड्यातून एकदा पंपाच्या काचेतून तेल पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे, आणि दुसऱ्या दिवशीचे काम पुढे ढकलणे पंप बदलण्यापेक्षा स्वस्त पडते. नव्या मशीनचे पहिले तेल पन्नास तासांनी बदलावे, पुढचे कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे.

त्याच संध्याकाळी एका वहीत जागेचे नाव, क्षेत्रफळ, पृष्ठभाग, लागलेले तास, पाणी आणि वापरलेले नोझल लिहून ठेवावे. वर्षभराने पुढच्या कोटेशनचा खरा आधार तीच असते. सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि आवाराच्या खर्चाची चर्चा तेथेच निघते, म्हणून जुलैअखेर वही उघडून गेल्या वर्षीच्या प्रत्येक सेक्रेटरींना फोन करावा आणि धुण्यापूर्वीच्या व नंतरच्या फोटोंसह कोटेशन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या हाती द्यावे.